मायोपिया: शब्दातला मिटलेला डोळा

आज आपण इंग्रजीतला एकच शब्द घेऊ, मायोपिया. विशेषण मायॉपिक, आघात मधल्या 'ऑप'वर. शाळेच्या विज्ञानात आपण याला निकटदृष्टिता किंवा लघुदृष्टी म्हणतो. नेत्रगोल लांबट झाला की दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच पडते, म्हणून अंतर्गोल भिंगाचा चष्मा. डोळ्यापुरतं एवढं पुरे.

खरी गंमत शब्दाच्या मुळात आहे. ग्रीकमध्ये 'म्यूएइन' म्हणजे मिटणं आणि 'ऑप्स' म्हणजे डोळा. आपला मराठी शब्द काय दिसतं ते सांगतो. ग्रीक शब्द माणूस काय करतो ते सांगतो. चष्मा नसला की लांबची पाटी वाचताना आपण डोळे बारीक करतो ना? पापण्यांच्या फटीमुळे प्रकाश कमी येतो, पण धूसरपणाही कमी होतो. नाव पडलं ते या धडपडीवरून.

आता लाक्षणिक अर्थ. 1960 साली थिओडोर लेव्हिट यांनी 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'त 'मार्केटिंग मायोपिया' हा लेख लिहिला. अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्या आपला धंदा रेल्वेचा समजत राहिल्या, वाहतुकीचा नव्हे. गिऱ्हाईक मोटारी, ट्रक, विमानांकडे गेलं, असं त्यांचं म्हणणं. इथे शब्द नेमका बसतो. कारण रूळ, डबे, इंजिनं त्या मंडळींना उत्तम दिसत होती!

पुष्कळ जण मायॉपिक हा शब्द मूर्ख किंवा आंधळा या अर्थी फेकतात. ते आपल्याला पटत नाही. या आरोपात एक कबुली दडलेली आहे: समोरच्याला जवळचं बरोबर दिसतंय. दुसरी अट आम्ही आमच्याकडून घालतो. लांब पाहणं त्याला शक्य होतं का? ज्याच्या घरी आज हंडाभर पाणी नाही, त्याने बोअर आणखी खोल नेली, तर त्याला मायॉपिक म्हणू नये. ज्याच्या हाती भूजलाचे आकडे होते आणि तरी ज्याने परवानग्या वाटल्या, त्याला खुशाल म्हणावं.

जाता जाता एक पाहा. मराठीत दूरदृष्टी ही स्तुती, पण पाठ्यपुस्तकातली दूरदृष्टिता हा दोषच. तिथे जवळचं धूसर दिसतं. त्या दोषाचं इंग्रजी नाव हायपरमेट्रोपिया. ते मात्र कुणी कुणाच्या धोरणाला लावलेलं ऐकू येत नाही.