गोंगाट, स्थळ आणि संहिता : ख्रिस वॉटसन यांच्या ध्वनिमुद्रिकांचे वाचन

साहित्य आणि इतर कला यांच्या परस्परसंबंधांचा विचार करताना तौलनिक अभ्यासकांनी चित्रकला, चित्रपट आणि संगीत यांची दखल आवर्जून घेतली आहे. स्थळध्वनिमुद्रण हा प्रकार मात्र या विचाराच्या कक्षेत क्वचितच येतो. एखाद्या ठिकाणी जाऊन तेथील आवाज यंत्रावर टिपायचे आणि ते स्वतंत्र कलाकृती म्हणून श्रोत्यांपुढे ठेवायचे, असे त्याचे स्वरूप आहे. त्यात शब्द नसतात, रूढ अर्थाने स्वरतालाची रचना नसते, आणि कर्ता काही निर्माण करतो की केवळ गोळा करतो, याविषयीच संदेह असतो. या संदेहामुळेच हा प्रकार साहित्याच्या अभ्यासकासाठी महत्त्वाचा ठरतो. प्रवासवर्णन, चरित्र, अनुवाद या सर्व प्रकारांत 'जे होते ते' आणि 'जे सांगितले गेले ते' यांतील अंतराचा प्रश्न असतोच. स्थळध्वनिमुद्रणात तो अधिक उघडा पडतो, कारण येथे यंत्र खोटे बोलत नाही असा समज प्रबळ असतो.

प्रस्तुत लेखात इंग्लंडमधील ध्वनिमुद्रक ख्रिस वॉटसन यांच्या निवडक ध्वनिमुद्रिकांचा या दृष्टीने विचार केला आहे. त्यांच्या कारकिर्दीचे वर्णन बहुधा 'यांत्रिक गोंगाटाकडून निसर्गाकडे' असे केले जाते. हे वर्णन सोयीचे असले तरी अपुरे आहे. ध्वनिफीत हे लेखनाचे साधन आहे, आणि लेखनात जशी निवड, कातर व नामकरण अटळ असते तशीच ती येथेही असते, ही जाणीव त्यांच्या पहिल्या टप्प्यापासून अखेरच्या टप्प्यापर्यंत कायम आहे. बदलत जाते ती ऐकणाऱ्याशी केलेली बोली.

१. कातरीचे तंत्र

शेफील्ड हे पोलादाचे शहर. तेथे १९७३ मध्ये ख्रिस वॉटसन, रिचर्ड कर्क आणि स्टीफन मॅलिंडर यांनी 'कॅबरे व्होल्तेअर' हा गट स्थापन केला. १९१६ मध्ये झुरिच येथे ज्या मद्यगृहात दादा चळवळीचा जन्म झाला, त्याचे हे नाव. गटाची वाङ्मयीन वंशावळ त्यातून स्पष्ट होते. वर्तमानपत्राची कात्रणे पिशवीत हलवून कविता रचण्याची त्रिस्तान झाराची कृती, आणि लिहिलेले पान कापून तुकड्यांची नवी जुळणी करण्याची ब्रायन गायसिन व विल्यम बरोज यांची पद्धत, या दोन्ही गोष्टी या गटाने कागदावरून ध्वनिफितीवर आणल्या. 'मिक्स-अप' (१९७९), 'द व्हॉइस ऑफ अमेरिका' (१९८०) आणि 'रेड मेक्का' (१९८१) या ध्वनिमुद्रिकांत कापलेल्या, विकृत केलेल्या, पुन्हा जोडलेल्या फितींचे तुकडे वाद्यांच्या बरोबरीने येतात.

या टप्प्याला केवळ गोंगाट मानणे चुकीचे ठरेल. भाषण त्याच्या संदर्भातून उचलून दुसऱ्या संदर्भात ठेवले की त्यातील सत्ता उघडी पडते, हा बरोजचा विचार येथे कानाने पटवून दिला जातो. वॉटसन १९८१ मध्ये गटातून बाहेर पडले आणि न्यूकॅसल येथील टाइन टीज या दूरचित्रवाणी संस्थेत ध्वनिमुद्रक म्हणून रुजू झाले. पुढे बीबीसीच्या 'द लाइफ ऑफ बर्ड्स' (१९९८) आणि 'फ्रोझन प्लॅनेट' (२०११) यांसारख्या निसर्गमालिकांसाठी त्यांनी काम केले. मालिकेत आवाज हा चित्राचा सेवक असतो. आवाजाला चित्राच्या सेवेतून मोकळे करण्याचे काम त्यांनी लंडनच्या 'टच' या प्रकाशनसंस्थेच्या ध्वनिमुद्रिकांमधून केले.

२. स्थळ आणि त्याचे नाव

'स्टेपिंग इन्टू द डार्क' (१९९६) ही या मालिकेतील पहिली महत्त्वाची ध्वनिमुद्रिका. नॉर्थम्बरलंडमधील एम्बलटनची कावळ्यांची वसाहत, केनियातील मारा नदीची पहाट आणि मारा नदीची रात्र असे तिचे विषय आहेत. वेष्टनावरील टिपणात टी. सी. लेथब्रिज या पुरातत्त्वज्ञाचा उल्लेख येतो. काही जागांना स्वतःचे असे एक वातावरण असते आणि ते तेथे गेलेल्या माणसाला जाणवते, ही लेथब्रिजची धारणा वॉटसन ध्वनीच्या अंगाने तपासतात. या ध्वनिमुद्रिकेला २००० साली लिंझ येथील आर्स इलेक्ट्रॉनिका महोत्सवात विशेष सन्मान मिळाला.

येथे फितीवर कातर चालवल्याचे जाणवत नाही. तरीही निवड आहेच: सूक्ष्मग्राहक कोठे ठेवायचा, कोणत्या प्रहरी, किती वेळ. त्याहून महत्त्वाचे आहे ते शीर्षक. एका तुकड्याचे नाव 'द ब्लू मेन ऑफ द मिंच' असे आहे. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील मिंच सामुद्रधुनीत निळे पुरुष राहतात, ते जहाजाच्या तांडेलाला पद्याचे आव्हान देतात आणि त्याला उत्तर न आल्यास जहाज बुडवतात, अशी तेथील लोककथा आहे. हे नाव वाचलेला श्रोता आणि न वाचलेला श्रोता यांना ऐकू येणारा ध्वनी एकच असला तरी त्यांचे ऐकणे एक नसते. पहिला श्रोता पाण्याच्या आवाजात प्रश्न ऐकू लागतो.

'आउटसाइड द सर्कल ऑफ फायर' (१९९८) मध्ये हे अवलंबन अधिक तीव्र होते. मेलेल्या झेब्र्याच्या बरगड्यांत सूक्ष्मग्राहक लपवून टिपलेले गिधाडांचे खाणे हा तिच्यातील सर्वांत परिचित भाग आहे. फाडण्याचे, ओढण्याचे, फडफडण्याचे आवाज इतक्या जवळून येतात की श्रोता मृतदेहाच्या आत बसवला जातो. ही जागा कोणत्याही जिवंत साक्षीदाराला लाभणारी नाही. निवेदनशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर अशक्य दृष्टिकोनातून केलेले हे निवेदन आहे. त्याची अशक्यता मात्र वेष्टनावरील ओळ वाचल्यावरच कळते. शब्द नसता तर हा केवळ ओला, हिंस्र गोंगाट राहिला असता. कदाचित शेफील्डच्या एखाद्या जुन्या फितीवर शोभला असता.

३. नावाला नकार : एक प्रतिपक्ष

याच काळात स्पॅनिश ध्वनिकलावंत फ्रान्सिस्को लोपेझ यांनी नेमकी उलट भूमिका घेतली. कोस्टा रिकामधील वर्षावनातील ध्वनींवर आधारलेल्या 'ला सेल्व्हा' (१९९८) सोबतच्या निबंधात त्यांनी ध्वनीला स्थळाचा प्रतिनिधी मानण्यास विरोध केला. पान हलले, पक्षी बोलला, पाणी पडले, हे ओळखत बसण्यापेक्षा ध्वनीचे द्रव्य ऐकावे, असा त्यांचा आग्रह आहे. त्यांच्या अनेक कृतींना शीर्षकाऐवजी केवळ क्रमांक असतात आणि प्रयोगांत श्रोत्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधली जाते. या भूमिकेचे मूळ पिएर शेफर यांच्या विचारात आहे. ध्वनी त्याच्या उगमापासून अलग करून ऐकण्याचा शेफर यांचा विचार १९४८ च्या रेल्वेविषयक रचनेपासून आकार घेत गेला.

मराठीच्या अभ्यासकाला येथे एक भाषिक निरीक्षण उपयोगी पडेल. इंग्रजीतील 'नॉइज' या शब्दाला मराठीत सर्वत्र चालणारा एकच प्रतिशब्द नाही. गलका माणसांचा, किलबिल पाखरांची, खडखडाट गाडीचा, कडकडाट विजेचा, सळसळ पानांची. 'गोंगाट' किंवा 'कोलाहल' यांसारखे व्यापक शब्द आहेत. पण रोजच्या बोलण्यात ध्वनीचे नाव पुष्कळदा त्याच्या उगमाचा माग घेऊनच येते. लोपेझ यांना अपेक्षित असलेले ऐकणे अशा भाषेत केवळ अवघड होत नाही, ते काही प्रमाणात भाषेविरुद्धच करावे लागते. वॉटसन यांची बाजू त्यामुळे निर्विवाद ठरत नाही. परंतु शब्दाला बाजूला सारून ऐकण्याची मागणी सर्व भाषांत सारखीच नसते, हे लक्षात येते. 'शुद्ध श्रवण' ही कल्पनाही अनुवादाच्या प्रश्नापासून मुक्त नाही.

४. काळाची कातर

'वेदर रिपोर्ट' (२००३) मध्ये वॉटसन यांनी श्रोत्याशी केलेली जुनी बोली मोडली. तिच्यातील तिन्ही भाग प्रत्येकी १८ मिनिटांचे आहेत. पहिल्यात केनियातील मसाई मारा येथील १७ ऑक्टोबर २००२ या दिवसाचे, पहाटे पाचपासून संध्याकाळी सातपर्यंतचे, चौदा तास आहेत. दुसऱ्यात स्कॉटलंडमधील एका डोंगरी दरीचे सप्टेंबर ते डिसेंबर हे महिने आहेत. तिसऱ्यात आइसलंडमधील व्हात्नायोकुल हिमनदीतील बर्फाचा समुद्रापर्यंतचा दहा हजार वर्षांचा प्रवास आहे.

चौदा तास, चार महिने आणि दहा सहस्रके यांना समान मिनिटे देणे हा उघड रचनात्मक निर्णय आहे. कथनकाळ आणि कथितकाळ यांतील नाते कादंबरीच्या अभ्यासकाला परिचित असते. येथे ते नाते शब्दांवाचून साधले आहे. पहिल्या भागातील काळ मुद्रित झालेला आहे. तिसऱ्या भागातील दहा हजार वर्षे कोणत्याही यंत्राने टिपणे शक्य नाही. ती वेष्टनावरील एका वाक्याने आणि ध्वनींच्या क्रमाने सुचवली आहेत. नोंद आणि कल्पित यांची सीमा या एकाच ध्वनिमुद्रिकेत ओलांडली जाते, आणि शेफील्डची कातर पुन्हा हाती येते.

५. जे उरले नाही त्याचा आवाज

'एल त्रेन फान्तास्मा' (२०११) मध्ये मेक्सिकोच्या राष्ट्रीय रेल्वेने केलेला, पॅसिफिक किनाऱ्याजवळील लोस मोचिसपासून अटलांटिक बाजूच्या वेराक्रुझपर्यंतचा प्रवास आहे. हे ध्वनी बीबीसीच्या रेल्वेप्रवासविषयक मालिकेच्या चित्रीकरणाच्या वेळी टिपलेले होते. ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली तेव्हा तो प्रवास इतिहासजमा झाला होता. शीर्षकातील 'भुताची गाडी' ती हीच. रुळांचा खडखडाट येथे काही ठिकाणी इतका लयबद्ध जुळवला आहे की श्रोत्याला 'कॅबरे व्होल्तेअर'ची यंत्रलय आठवते. शेफर यांच्या १९४८ च्या रचनेला हा प्रतिसाद आहे. मात्र शेफर यांनी गाडीचा आवाज गाडीपासून वेगळा काढण्याचा प्रयत्न केला, तर वॉटसन तो हरपलेल्या गाडीला परत देतात.

'इन सेंट कथबर्ट्स टाइम' (२०१३) याहून पुढे जाते. लिंडिसफार्न बेटावर सातव्या शतकाच्या अखेरीस व आठव्याच्या आरंभी एडफ्रिथ या मठवासीयाने शुभवर्तमानांची सुप्रसिद्ध हस्तलिखित पोथी सिद्ध केली. ती लिहिताना त्याच्या कानांवर काय पडत असेल, याची ही ध्वनिरूप कल्पना आहे. चार ऋतूंना जुन्या इंग्रजीतील नावे आहेत, आणि आजच्या यंत्रांना या ध्वनिपटात जागा नाही. म्हणजे आवाज एकविसाव्या शतकातील, पण स्थळकाळ सातव्यातील. याच पोथीच्या लॅटिन ओळींमध्ये दहाव्या शतकात आल्ड्रेड या धर्मगुरूने जुन्या इंग्रजीत शब्दार्थ लिहिला; शुभवर्तमानांचा इंग्रजीतील उपलब्ध असा सर्वांत जुना अनुवाद तो हाच. वॉटसन यांची ध्वनिमुद्रिका या पोथीच्या ओळींमध्ये लिहिलेला आणखी एक शब्दार्थ आहे, असे म्हणता येईल. शब्दार्थ मूळ संहितेची जागा घेत नाही, पण तिच्याशेजारी बसून ती पुन्हा वाचायला लावतो.

या वाटचालीत २०१९ ची 'चेर्नोबिल' ही दूरचित्रवाणी मालिका लक्षणीय आहे. हिल्दुर गुद्नादोत्तिर यांनी तिचे संगीत लिथुएनियातील इग्नालिना या २००९ मध्ये बंद झालेल्या अणुवीजकेंद्रातील ध्वनींतून रचले. तेथील ध्वनिमुद्रणासाठी वॉटसन त्यांच्यासोबत होते. इग्नालिनाच्या भट्ट्या चेर्नोबिलच्याच प्रकारच्या. तथापि त्या भिंती, ते दरवाजे, ते पंप चेर्नोबिलचे नव्हेत. एका स्थळाने दुसऱ्या स्थळाच्या वतीने दिलेली ही साक्ष आहे, आणि ती प्रभावी ठरते ती श्रोत्याने हे प्रतिनिधित्व मान्य केल्यामुळे. यांत्रिक गोंगाटापासून दूर गेलेला मानला जाणारा हा ध्वनिमुद्रक येथे यंत्रांच्या सान्निध्यात परत आलेला दिसतो.

समारोप

या ध्वनिमुद्रिका एकत्र ऐकल्या म्हणजे यंत्र आणि निसर्ग ही विभागणी गौण ठरते. ध्वनी आणि त्याविषयीचे विधान यांतील संबंध प्रत्येक वेळी नव्याने ठरवला जातो. आरंभी संदर्भ तोडला जातो, नंतर तो जपला जातो, पुढे आकुंचित केला जातो आणि अखेरीस नसलेल्या काळासाठी व स्थळासाठी उभारला जातो. या प्रत्येक वेळी वेष्टनावरील शब्द हा कृतीचा भाग असतो.

या निष्कर्षाला एक नैतिक बाजू आहे. ज्या गाड्या बंद होतात, जे बर्फ वितळते, जे पक्षी विरळ होतात, त्यांचे आवाज यापुढे बहुतांशी अशा मुद्रणांतूनच ऐकू येतील. ते ऐकणाऱ्या पिढीपाशी पडताळ्यासाठी मूळ स्थळ असणार नाही. तेव्हा ध्वनीसोबत ठेवलेली तारीख, प्रहर आणि जागा, तसेच कातर कोठे चालली याची प्रामाणिक नोंद, यांवरच त्या ऐकण्याची विश्वासार्हता अवलंबून राहील. हस्तलिखितांच्या अभ्यासात पुष्पिकेला जे स्थान आहे, ते ध्वनिमुद्रिकेच्या वाचनात या टिपणांना द्यावे लागेल. आणि हे काम साहित्याच्या अभ्यासकाच्या हातवळणीचे आहे.