गोठ्यातला सर्जा आणि पडद्यावरचा चितंग्या



आपल्या या पत्रिकेत लागण, खोडवा, उतारा आणि ऊसबिल यांची चर्चा नेहमीच होते. ती व्हायलाच पाहिजे, कारण प्रपंच तिच्यावरच चालतो. पण प्रपंच म्हणजे नुसते बिल नव्हे. दिवेलागणीला ओसरीवर टेकलेली म्हातारी, भाकरीची वाट बघत चुलीपुढे बसलेली पोरे, उंबऱ्याशी आडवे पडलेले कुत्रे आणि गोठ्यात रवंथ करणारी जनावरे, एवढे सगळे मिळून घर होते. यंदा बेंदराच्या आधी आमच्या घरी जे घडले, ते आज पुष्कळ सभासदांच्या घरी घडत आहे. म्हणून चार शब्द लिहीत आहोत.

गोठ्यातला प्रश्न

आमचा सर्जा खिलार बैल. चौदा वर्षांपूर्वी खोंड म्हणून आणला. त्याचा जोडीदार तीन वर्षांपूर्वी गेला. नांगरट आणि सरी सोडणे ट्रॅक्टरकडे गेले, बांधणीला पॉवर टिलर आला आणि सर्जाला काम उरले नाही. खायला मात्र रोज पंधरा-वीस किलो ओली वैरण आणि वर चार-पाच किलो कडबा लागतोच.

थोरल्या मुलाने एक दिवस विषय काढला, "आण्णा, बसून खाणारं जनावर आता परवडत न्हाई. त्या जागंवर एक म्हैस उभी राहील."

हिशेब चुकीचा नव्हता. पण 2015 पासून राज्यात बैलाच्या कत्तलीला कायद्याने बंदी आहे. त्यामुळे म्हाताऱ्या बैलाला सरळ गिऱ्हाईक मिळत नाही, आणि जे मिळते ते जनावर कुठे नेणार हे विचारायचा धीर विकणाऱ्याला होत नाही. काही जण तर जनावर लांब रानात नेऊन सोडून येतात. घरात दोन तट पडले. धाकटी नात एवढेच म्हणाली, "तिथं त्याला सर्जा म्हणून कोण हाक मारंल?" यावर कोणाला काही बोलता आले नाही.

तंबूतला सिनेमा

आमच्या लहानपणी जत्रेला तंबूचा सिनेमा यायचा. गाडीत कडबा पसरून सगळे घर निघायचे. मधे कापड लावून बायका एका अंगाला, पुरुष दुसऱ्या अंगाला. खाली जमीन, अंगावर घोंगडे. आधी सरकारी बातमीपट, मग खेळ. रीळ तुटले की शिट्ट्या सुरू. बैल तंबूबाहेर गाडीला बांधलेले असायचे आणि त्यांच्या घुंगरांचा आवाज आत यायचा.

अशाच तंबूत आम्ही 'श्यामची आई' पाहिला. साने गुरुजींच्या पुस्तकावरून आचार्य अत्रे यांनी काढलेला हा चित्रपट 1953 सालचा. वनमालाबाई आई झाल्या होत्या आणि माधव वझे श्याम. 1954 साली राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार सुरू झाले, तेव्हा राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक याच चित्रपटाला मिळाले. परतताना गाडीत कोणी बोलत नव्हते. एरवी आम्हाला दरडावणारे आमचे वडील त्या रात्री गाडी हाकता हाकता उपरण्याने डोळे पुसत होते. घरातले मोठे माणूस रडते हे आम्हाला त्या दिवशी प्रथम कळले.

ओसरीवर 'टिंग्या'

आता ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल आहे आणि एका घरात चार जण चार गोष्टी बघतात. म्हणून सूनबाईने सांगितले, "आज सगळ्यांनी मिळून एकच सिनेमा बघायचा." टीव्ही ओसरीवर आणला. लावला तो मंगेश हाडवळे यांचा 2008 सालचा 'टिंग्या'.

जुन्नर भागातले कर्जाने वाकलेले एक शेतकरी कुटुंब. बटाट्याची लागण तोंडावर आलेली, आणि त्यांचा बैल चितंग्या खड्ड्यात पडून जायबंदी होतो. बाप म्हणतो, हा विकून दुसरा बैल बघू. लहानगा टिंग्या अडून बसतो. शेजारच्या रशीदाची आजी आजारी आहे, तिला वाचवायला सगळे धडपडतात. मग चितंग्याला का नाही, हा त्याचा रोकडा सवाल. टिंग्या झालेल्या शरद गोयेकर या मुलाला उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

या चित्रपटात बाप दुष्ट दाखवलेला नाही, ही आम्हाला मोठी गोष्ट वाटते. त्याची अडचण खरी आहे आणि पोराची मायाही खरी आहे. चित्रपट संपला तरी थोरला उठला नाही. थोड्या वेळाने गोठ्यात जाऊन त्याने सर्जापुढे वैरण टाकली आणि येऊन म्हणाला, "ऱ्हाऊ द्या त्याला. गाडीला जुंपून वैरण तरी आणू त्याच्याकडनं. शेणखत हाय, हंगामात वाढं हाय. निघंल कसंतरी."

सर्जा राहिला. आमच्या घरी वैरण आहे म्हणून हे जमले. ज्याला खरोखरच जमत नाही, त्याला आम्ही बोल लावणार नाही.

दोन व्यवहाराच्या गोष्टी

हंगामात आपण जनावरांना वाढे पोटभर घालतो. वाढ्यात ऑक्झालेट असते आणि ते जनावराच्या अंगातला चुना बांधून टाकते. दुभत्या जनावराला त्याचा जास्त त्रास होतो. म्हणून नुसत्या वाढ्यावर ठेवू नये. कुट्टी करून त्यात कडबा आणि दुसरी हिरवी वैरण मिसळावी, क्षारमिश्रण द्यावे. लाळ्या-खुरकुताची लस वर्षातून दोनदा टोचून घ्यावी.

दारातल्या कुत्र्यालाही दर वर्षी रेबीजची लस द्यावी. पोरे दिवसभर त्याच्या गळ्यात पडलेली असतात. कुत्रे चावलेच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच दवाखाना गाठावा. हळद, चुना, तिखट काही लावत बसू नये.

बेंदूर

यंदा बेंदराच्या आदल्या दिवशी थोरल्यानेच सर्जाची खांदेमळणी केली, हळद आणि तूप लावून. दुसऱ्या दिवशी शिंगांना हिंगूळ, पाठीवर झूल, पुरणपोळीचा घास. जोडीदार नसल्यामुळे मिरवणुकीत सर्जा एकटाच चालला. नातीने कासरा धरला होता आणि आमचे कुत्रे शेवटपर्यंत त्याच्या मागे होते.

आता थोड्याच दिवसांत मोळी पडेल. मग टोळी, वाहन आणि काटा यांतून कोणाला सवड मिळणार नाही. तेव्हा सभासद बंधूंनी त्याआधी एक संध्याकाळ काढावी, घरच्या सगळ्यांना ओसरीवर बसवावे आणि एखादा चांगला चित्रपट मिळून बघावा. हंगामात फडाशेजारी ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडतील. त्यांच्याही संगे लेकरे, बैल आणि गाडीखाली झोपणारे कुत्रे असते. एखाद्या रात्री त्या लेकरांनाही हाक मारावी. ओसरीवर जागा होते.