काळ्या पाण्यावर गेलेल्या पूर्वजाचा शोध : सातारा व सांगली

वंशावळीत एखाद्या पुरुषाच्या नावापुढे संतती नाही, मृत्युतिथीही नाही, आणि घरातील वृद्ध मंडळी ‘तो काळ्या पाण्यावर गेला’ एवढेच सांगतात. अशा त्रोटक आठवणीवरून मूळ माणसापर्यंत पोहोचावयाचे, तर काळे पाणी म्हणजे अंदमान हे समीकरण प्रथम सोडून द्यावे लागते. अंदमानची वसाहत मार्च १८५८ मध्ये सुरू झाली. तत्पूर्वी मुंबई इलाख्यातील कैदी पिनांग, मलाक्का, सिंगापूर येथे जात. १८१५ ते १८३७ या काळात बंगाल व मुंबईहून काही मॉरिशसलाही धाडले गेले. पुढेही अपवाद आहेतच. वासुदेव बळवंत फडके यांची १८८० मधील रवानगी एडनला झाली व १८८३ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. शिक्षेचे निदान दशक ठरल्यावाचून दफ्तर उघडणे व्यर्थ होय.

दुसरा घोटाळा हद्दींचा. सातारा १८४८ पर्यंत संस्थान होते. आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ म्हणून निर्माण झाला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. म्हणून तासगाव, खानापूर वा वाळवे तालुक्यातील ब्रिटिश अमदानीचा कैदी सातारा जिल्ह्याच्या कागदांत शोधावा. सांगली, मिरज, जत येथील संस्थानी प्रजेचा माग मात्र निराळा.

खरी कसोटी नावाची आहे. जुन्या कागदांत आडनाव बहुधा नसते. ‘रामा बिन गोविंदा’ अशी नोंद असते, मुसलमानाच्या नावात ‘वलद’ व विवाहितेच्या नावात ‘कोम’ येते. त्यातच इंग्रज कारकुनाचे कानावरचे लेखन! अशा वेळी बापाचे नाव, जात, गाव व शिक्षेची तारीख ही चारही जुळल्याखेरीज माणूस आपला मानू नये. बापाच्या नावास नाशिकच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या उत्तम आधार देतात. घराणे वतनदार असेल, तर वारसनोंदीचे कागदही पाहावेत. माणूस परागंदा झाला तरी वतन गावातच राहते.

यानंतर मुंबईच्या पुराभिलेखागारातील न्यायखात्याचे खंड व दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील गृहखात्याची पोर्ट ब्लेअरविषयक कागदपत्रे चाळावीत. अंदमानात कैद्याच्या गळ्यातील लाकडी बिल्ल्यावर त्याचा क्रमांक व गुन्ह्याचे कलम असे. तो क्रमांक हाती लागला की नावाच्या विकृतीची भीती पुष्कळ ओसरते.

सातारा म्हटले की १८५७ आठवते. सप्टेंबर १८५७ मध्ये गेंडामाळावर सतरा जणांना देहान्त शासन झाले, ही गोष्ट इतिहासप्रसिद्ध आहे. म्हणून प्रत्येक हद्दपार पूर्वजास त्या उठावात बसविण्याचा मोह होतो. तो आवरावा. कागदात दरोड्याचे कलम असेल, तर दरोडाच लिहावा. त्यामागे दुष्काळ होता की सावकारी, हा त्यानंतरचा प्रश्न. मौनालाही मृत्यूचा पुरावा समजू नये. जन्मठेपेचे काही कैदी वीस-पंचवीस वर्षांनी सुटले. काहींनी स्वावलंबी कैदी म्हणून तेथेच संसार थाटले, आणि त्यांची संतती ‘लोकल बॉर्न’ या नावाने पोर्ट ब्लेअरच्या परिसरात आजही नांदते.