हतनूरचा सरकता काठ

जळगाव जिल्ह्यातील भुसावळ तालुक्यात, हतनूर गावाजवळ, तापी नदीवर बांधलेल्या धरणामागे जो जलाशय पसरतो, त्याचा काठ नकाशावर एका ठळक रेषेने दाखवलेला असतो. प्रत्यक्षात मात्र वर्षातील कोणत्याही दोन महिन्यांत तो एका जागी सापडत नाही. धरणात जास्तीत जास्त ज्या पातळीपर्यंत पाणी साठवायचे असते तिला पूर्ण संचय पातळी म्हणतात आणि हतनूरची ही पातळी समुद्रसपाटीपासून २१४ मीटर आहे. पावसाळ्यात तापी आणि पूर्णा या दोन्ही नद्या मातकट पाणी घेऊन येत असतात, तेव्हा तो गाळ पुढे निघून जावा म्हणून धरणाचे ४१ दरवाजे बराच काळ उघडे ठेवले जातात. पाऊस ओसरला की ते टप्प्याटप्प्याने खाली येतात, जलाशय भरतो, आणि हिवाळ्यापासून पुन्हा उतरू लागतो. सपाट गाळाच्या जमिनीवर, शंभर मीटर अंतराला एक मीटर उतार असेल अशा ठिकाणी, पाणी एक मीटर उतरले की काठ शंभर मीटर मागे जातो. अशा काठावर एखाद्या खासगी व्यक्तीला होडी लावण्याचा धक्का, पाणी उपसण्याची जॅकवेल किंवा साधा लाकडी ओटा उभारायचा असेल, तर त्याला परवानगी कोणी द्यायची आणि ती जमिनीच्या कोणत्या तुकड्यासाठी द्यायची, हा या लेखाचा विषय आहे.

धरणाचा अधिकृत इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९८२ साली ते पूर्ण झाले. १९९७ साली स्थापन झालेल्या तापी पाटबंधारे विकास महामंडळाकडे आज त्याचा कारभार आहे. भुसावळजवळचे दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र, वरणगावची आयुध निर्माणी, आसपासची नगरे आणि कालव्याखालची शेती या पाण्यावर चालते. मध्य प्रदेशातील मुलताईहून येणारी तापी आणि मेळघाटाकडून येणारी पूर्णा यांचा संगम मुक्ताईनगर तालुक्यात चांगदेव येथे, म्हणजे जलाशयाच्या वरच्या अंगाला होतो. संगमावरचे प्राचीन मंदिर आणि महाशिवरात्रीला भरणारी मुक्ताई-चांगदेवांची यात्रा यांमुळे हा काठ पाटबंधाऱ्यांच्या कितीतरी आधीपासून माणसांच्या ये-जा करण्याचा काठ आहे. मुक्ताईनगर आणि रावेर तालुक्यांतील अनेक गावांच्या शिवारांना या फुगवट्याचे, म्हणजे धरणामुळे नदीत मागे सरकलेल्या पाण्याचे, पाणी लागते.

फुगवट्याच्या काठावर सर्वांत जास्त दिसणारे खासगी बांधकाम होडीचे नसून मोटारीचे असते, कारण रावेर-यावल पट्टा केळीचा आहे. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण तिला लागणारे बारमाही पाणी मिळवण्याची धडपड त्याहून फार जुनी आहे. पाणी उतरत गेले की शेतकरी पंपाचा ओटा खाली सरकवतो, सक्शन पाइपला आणखी एक तुकडा जोडतो, पाइपच्या टोकाचा झडपेचा भाग, ज्याला गावात सगळे ‘फुटबॉल’ म्हणतात, तो गाळात रुतू नये म्हणून रिकाम्या पिंपांवर तरंगत ठेवतो, आणि स्टार्टरची पेटी मात्र पुराच्या भीतीने वर, बाभळीच्या खोडाला किंवा उंच खांबाला बांधून ठेवतो. सहा महिन्यांत चार वेळा जागा बदलणारे हे यंत्र तालुक्याच्या कचेरीतील फाइलीत मात्र एकाच गट क्रमांकावर उभे असते. परवानगीची भाषा स्थिर जमिनीची आहे आणि ज्याच्यासाठी परवानगी मागितली जाते ती वस्तू पाण्याबरोबर चालणारी आहे. इथल्या बहुतेक तक्रारींचे मूळ या विसंगतीत आहे.

परवानगीची वाट अशी जाते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार नद्या, नाले, तलाव, त्यांचे तळ आणि त्यांतील वाहते व साठलेले पाणी यांवर, दुसऱ्या कोणाचा हक्क सिद्ध झालेला नसेल तर, राज्य शासनाची मालकी असते. धरणाच्या बुडीत क्षेत्रातील जमीन तर प्रकल्पासाठी संपादितच झालेली असते, म्हणून तिची मालकी पाटबंधारे खात्याकडे असते. पाणी उपसण्यासाठी महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम, १९७६ खाली कालवा अधिकाऱ्याची, म्हणजे कायद्याने पाणीवाटपाचे अधिकार दिलेल्या अभियंत्याची, मंजुरी लागते. अर्जासोबत सात-बारा, आठ-अ, पिकाचे क्षेत्र, पंपाची अश्वशक्ती आणि जागेचा नकाशा जोडला जातो; शाखा अभियंता किंवा त्याच्या हाताखालचा कर्मचारी जागा पाहून येतो; आणि मंजुरी मिळाली तरी पुरात बांधकाम वाहून गेल्यास भरपाई मिळणार नाही व खात्याने सांगताच ते स्वखर्चाने काढावे लागेल, अशा स्वरूपाच्या अटी सहसा घातल्या जातात. पाइपलाइन दुसऱ्याच्या रानातून न्यायची असेल तर संहितेच्या कलम ४९ खाली तहसीलदाराकडे जावे लागते. विजेची जोडणी महावितरणची. या सगळ्यांत ग्रामपंचायतीच्या वाट्याला येतो तो ना-हरकत दाखला, आणि तोही बहुधा शेवटी, बाकीचे कागद गोळा झाल्यावर.

राज्यघटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत लघुसिंचन, पाणी व्यवस्थापन आणि मत्स्यव्यवसाय हे पंचायतींकडे सोपवता येण्याजोगे विषय म्हणून स्पष्ट नोंदवलेले आहेत. तरीही ज्या गावाची गुरे रोज त्या काठावर पाणी पितात, ज्या गावातल्या भोई आणि कोळी कुटुंबांच्या होड्या तिथेच चिखलात ओढून ठेवलेल्या असतात, त्या गावाच्या ग्रामसभेला धक्का कुठे असावा, किती रुंद असावा, गुरांची वाट अडेल का, हे ठरवता येत नाही. खानदेशाला ही परिस्थिती नवी वाटायला हवी, कारण शेजारच्या धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठावर फड पद्धतीने पिढ्यान्‌पिढ्या याच्या नेमके उलट घडत आले. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड, म्हणजे एकेका पिकासाठी ठरवलेले मोठे तुकडे, पाडून तिथले लाभधारक कोणत्या फडाला कोणते पीक आणि किती पाणी हे एकत्र बसून ठरवत. पाटकरी पाणी सोडी, जागल्या राखण करी, आणि कोणालाही आपल्यापुरता वेगळा उपसा करण्याची मुभा नसे. एकेकट्याच्या परवानगीची कल्पनाच त्या व्यवस्थेत बसत नव्हती, आणि तिची ताकदही यातच होती.

हतनूरचा काठ केवळ पाणी उपसण्याची जागा असता तर विषय इथेच आटोपता. पण फुगवट्याच्या उथळ पाण्यात हिवाळ्यात चक्रवाक, तलवार बदक, थापट्या, लालसरी यांचे थवे उतरतात; पाणी आटल्यावर उघड्या पडणाऱ्या वाळूच्या बेटांवर नदीसुरय अंडी घालते; आणि या सगळ्यामुळे पक्षिशास्त्रज्ञांनी तयार केलेल्या महत्त्वाच्या पक्षिक्षेत्रांच्या यादीत हतनूर जलाशयाचे नाव आले आहे. साध्या मराठीत ज्याला पाणथळ म्हणतात, म्हणजे जिथे जमीन आणि पाणी यांची सीमा वर्षभर पुसट राहते, असे हे क्षेत्र आहे. म्हणून येथील काठावरच्या बांधकामाचा विचार करताना पाणथळविषयक नियमांकडे वळावे लागते, आणि तिथे एका शब्दापाशी थांबावेच लागते.

केंद्र शासनाने २६ सप्टेंबर २०१७ रोजी पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियम अधिसूचित केले. त्यांच्या नियम ४ मध्ये पाणथळ जागेत काय करता येणार नाही याची यादी आहे, आणि तीत मागील दहा वर्षांतील सरासरी उच्च पूरपातळीपासून पन्नास मीटरांच्या आत कोणतेही कायमस्वरूपी बांधकाम करण्यास मनाई आहे. या मनाईला एकच अपवाद दिलेला आहे: होडीचा धक्का. घर नाही, उपाहारगृह नाही, पाण्याची टाकी नाही, पण धक्का चालतो. अपवाद समजण्यासारखा आहे, कारण होडीचा धक्का पाण्यापासून दूर नेला तर तो धक्काच राहत नाही. तरीही हा शब्द अतिशय उघडा सोडलेला आहे. धक्का किती लांब असावा, त्याखाली पाणी आणि प्रकाश वाहता राहावा की तो दगडामातीचा भराव असला तरी चालेल, तो कोणाचा असावा, त्यावर छप्पर आणि खुर्च्या आल्या तर तो काय ठरेल, याविषयी त्या ओळीत काही नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १९५७ पासून प्रत्येक गावाला स्वतःचा संवर्धन आयोग स्थापन करता येतो, आणि खासगी धक्क्याचा अर्ज आधी त्याच आयोगापुढे येतो. शेजाऱ्यांना नोटीस जाते, सुनावणी होते, सदस्य जागेवर जाऊन पाहतात, आणि खालच्या गवताला ऊन मिळावे म्हणून फळ्यांमध्ये फटी किती ठेवायच्या, इतक्या बारकाईच्या अटी घातल्या जातात. असे आयोग चालवणारे लोक बहुधा स्वयंसेवक असतात. धक्क्याच्या फळीखालच्या गवताची काळजी गावाने घ्यावी, हे तिथे कायद्याचे सामान्य काम मानले जाते, आणि तसे ते मानले जाणे योग्यच आहे.

हतनूरपुढची खरी अडचण मात्र त्या शब्दाच्याही आधी, व्याख्येतच उभी राहते. याच नियमांतील पाणथळीच्या व्याख्येतून नदीचे पात्र, भातशेते आणि पिण्याचे पाणी, मत्स्यपालन, मीठ, करमणूक व सिंचन यांसाठी खास बांधलेली जलक्षेत्रे वगळलेली आहेत. हतनूर सिंचनासाठी बांधले गेले, म्हणून नियमांच्या दृष्टीने ते पाणथळ ठरत नाही. पन्नास मीटरांची मनाईही तिथे आपोआप लागत नाही, आणि मग तिच्या अपवादाचाही प्रश्न येत नाही. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर हाही मुळात गोदावरीवरील सिंचनाचाच बंधारा, पण तो १९८६ साली अभयारण्य झाला आणि २०१९ साली रामसर कराराखाली आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून नोंदवला गेला. महाराष्ट्रातील ती पहिली रामसर जागा. दोन्ही जागी पाणी अडवण्याचा हेतू एक, दोन्ही जागी थंडीत उतरणारी बदके त्याच जातींची, आणि दोन काठांचे कायदे मात्र निराळे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली राष्ट्रीय नकाशात नोंदलेल्या, सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या २,०१,५०३ पाणथळ जागांना जुन्या, २०१० च्या नियमांतील तत्त्वांप्रमाणे संरक्षण द्यावे असे सांगितले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये नव्या नकाशातील २,३१,१९५ जागांची प्रत्यक्ष पाहणी करून सीमा आखण्याचे निर्देश राज्यांना दिले. सीमा आखायची म्हणजे कोणीतरी काठावर खुंट्या ठोकायच्या, आणि इथे पुन्हा पहिलाच प्रश्न येतो: कोणत्या महिन्यातल्या काठावर?

मागील दहा वर्षांतील सरासरी उच्च पूरपातळी, हे माप नैसर्गिक तळ्याला शोभते. धरणाच्या जलाशयात पाणी किती चढावे हे दरवाजांवर बसलेल्या माणसांच्या निर्णयावर ठरते. पावसाळ्यात धरणावरच्या नियंत्रण कक्षात पातळीच्या नोंदी घेत बसणारा कर्मचारी प्रत्यक्षात काठच मोजत असतो. त्याच्या वहीतला एक दशांश खाली-वर झाला की दहा किलोमीटर वर, एखाद्या गावाच्या शिवारात, पाणी दहा पावले पुढे-मागे होते. त्या वहीचा उपयोग आज वरच्या कचेरीला आणि खालच्या गावांना पुराचा इशारा देण्यापुरता होतो. काठावर बांधकामाची परवानगी देताना ती वही उघडून पाहिली गेली, तर पुढच्या अनेक वर्षांचे वाद तिथल्या तिथे मिटतील. कारण कोणत्या जागी पाणी वर्षातले किती दिवस असते, हे सातबाऱ्यावर नसते, ते त्या वहीत असते.

गाळाने हा गुंता आणखी वाढवला आहे. दरवाजे उघडे ठेवूनही तापी-पूर्णेचा गाळ जलाशयात साचत राहतो, आणि संगमाच्या बाजूला पूर्वी पाणी असलेल्या जागी आता दरवर्षी थोडी नवी जमीन वर येते. नदीने आणून टाकलेल्या मळईच्या जमिनीसाठी महसूल संहितेत काठालगतच्या भोगवटादाराला आधी विचारण्याची तरतूद आहे; पण जलाशयाच्या बुडीत क्षेत्रात ती मळई खात्याच्या संपादित जमिनीवर साचते, म्हणून तिच्यावरचा लाभ गाळपेराच्या मार्गाने जातो. गाळपेर म्हणजे पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या ओलसर जमिनीवर एका हंगामापुरते पीक घेण्याचा परवाना, ज्यात धरणग्रस्तांना प्राधान्य असते. ज्या गाळावर हरभरा किंवा कलिंगडाचे वेल लावण्यासाठी एक कुटुंब परवाना मागते, त्याच गाळाच्या टोकाला दुसऱ्याला होडीचा ओटा हवा असतो, तिसऱ्याची सक्शन पाइप तिथूनच जाते, मासेमारी संस्थेच्या होड्या तिथेच लागतात, आणि थोडे पुढे, वाळूच्या उघड्या पट्टीवर, सुरय अंडी उबवत असते. पाटबंधारे, महसूल, मत्स्यव्यवसाय, वन आणि ग्रामपंचायत, या पाच ठिकाणी यांतील एकेक कागद असतो, आणि पाचही कागद एका टेबलावर एकदम येतील अशी जागा तालुक्यात नाही.

त्यात २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग अधिनियमाने तापीला राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १०० असे नाव दिले. हतनूर धरणापासून खंबातच्या आखातापर्यंत सुमारे ४३६ किलोमीटरांची ही वाट कागदावर जलमार्ग आहे. उन्हाळ्यात तिच्या पुष्कळ भागात माणूस पायी पार होतो. पण जलमार्ग म्हटले की धक्के येतात, धक्के आले की त्यांची कंत्राटे, रस्ते आणि वाहनतळ येतात, आणि फुगवट्याच्या बाजूलाही पर्यटनासाठी होड्या हव्यात अशी मागणी होते. मागणी वाईट नाही. काठावर रोजगार हवाच. चिंता ही आहे की मोठ्या पर्यटनाच्या धक्क्याला वरून मिळणारी परवानगी पटकन येईल आणि भोयाच्या चार फळ्यांच्या ओट्याला, त्याने वर्षानुवर्षे तिथेच होडी लावली असली तरी, अतिक्रमण म्हणून संहितेच्या कलम ५० ची नोटीस येईल.

ऑक्टोबरात दरवाजे खाली आले की काठावरच्या पंपांचे ओटे पुन्हा वर ओढले जातात. रिकाम्या पिंपांना बांधलेले नायलॉनचे दोर, जे मे महिन्यात शंभर हात लांब सोडलेले असतात, ते गुंडाळून आखूड केले जातात. उन्हाळ्यात ठोकलेले बांबूचे खुंट पाण्याखाली जातात आणि कोणाचे कुठे होते हे पुढच्या फेब्रुवारीपर्यंत फक्त त्यांच्या मालकांना आठवते. त्या आठवणीची एक प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरात, महिन्यावार, धरणाच्या पातळीच्या नोंदीशेजारी ठेवता येईल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. ग्रामसभेचा एक ठराव आणि नियंत्रण कक्षातली वही पुरते.