हेमलकसाचा छोटा मुक्काम : गैरसमज आणि वस्तुस्थिती

लांबच्या प्रवासात मध्येच एक-दोन रात्री थांबून तो प्रदेश पाहून घेण्याची पद्धत विमानप्रवासात चांगलीच रुळली असून, युरोप आणि उत्तर अमेरिका यांच्या दरम्यान ये-जा करणाऱ्या प्रवाशांना आइसलँडची विमानकंपनी भाड्यात वाढ न करता सात रात्रींपर्यंत त्या देशात थांबू देते, हे तिचे ठळक उदाहरण होय. तेथे मुक्काम वाटेवरच असतो, विमानतळापासून राजधानी सुमारे ५० किलोमीटरवर असते आणि थोड्या वेळात काय पाहावे याची सगळी तजवीज पर्यटकासाठी आधीच झालेली असते. गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड तालुक्यात असलेल्या हेमलकसाला जाणारे अनेक जण मनाशी नेमका असाच हिशेब करून निघतात, आणि तेथील छोट्या मुक्कामाविषयीचे बहुतेक गैरसमज या हिशेबातूनच जन्माला येतात.

पहिला गैरसमज अंतराचा आहे. ताडोबा आणि आनंदवन पाहायला गेलेल्या कुटुंबाला ‘इतके आलोच आहोत, तर हेमलकसाही करून जाऊ’ असे वाटते, कारण ही सारी ठिकाणे त्यांच्या मनात ‘चंद्रपूरकडे’ या एकाच शब्दात बसलेली असतात. जुन्या लेखनात हेमलकसाचा उल्लेख चंद्रपूर जिल्ह्यात येतो, आणि तो त्या काळापुरता बरोबरही आहे, कारण गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी अस्तित्वात आला. अंतर मात्र जिल्ह्याच्या नावाने कमी होत नाही. आनंदवन वरोऱ्याला, म्हणजे नागपूरहून चंद्रपूरला येतानाच लागते, तर हेमलकसा चंद्रपूरच्याही पुढे बल्लारपूर, गोंडपिंपरी, आष्टी आणि आलापल्ली ओलांडून सुमारे १८५ किलोमीटरवर आहे, आणि नागपूरपासून हे अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या घरात जाते. त्यातही आलापल्लीनंतरचा सुमारे साठ किलोमीटरचा रस्ता दाट जंगलातून जात असल्यामुळे तेथे किलोमीटरांवरून वेळेचा अंदाज बांधता येत नाही. नागपूरहून सकाळी निघून रात्री परत, हा बेत कागदावर जमतो, परंतु त्यात हेमलकसाच्या वाट्याला जेमतेम तास-दीड तास उरतो आणि परतीचे जंगल अंधारात पार करावे लागते. किमान दोन रात्री हाताशी असतील तरच या प्रवासाला निघावे, हे त्यामुळे पहिले आणि सर्वांत उपयोगी सूत्र ठरते.

याच्या उलट टोकाचा समज असा, की वाटेत पाहण्यासारखे काहीच नसल्याने गाडी सरळ हेमलकसापर्यंत हाकावी. वस्तुतः या मार्गाला थांब्यांची जुनी परंपरा आहे. सत्तरच्या दशकात पावसाळा सुरू झाला, की पुढची वाट महिनोन्‌महिने बंद पडत असे, आणि त्या काळात आलापल्लीजवळच्या नागेपल्ली येथील, हेमलकसाच्या लोकबिरादरी प्रकल्पाची शाखा हेच जाणाऱ्या-येणाऱ्यांचे आणि धान्यसामानाचे टेकण्याचे ठिकाण होते. आजच्या प्रवाशानेही आलापल्लीला थांबून इंधन भरून घ्यावे, रोख पैसे जवळ ठेवावेत आणि पुढे भामरागड रस्त्यालगत ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ या नावाने राखलेल्या सुमारे सहा हेक्टरांच्या वनखंडात थोडा वेळ द्यावा. २०१४ मध्ये त्यास जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. जैवविविधता वारसा स्थळ म्हणजे ज्या जागेतील वनस्पती, प्राणी आणि त्यांचे परस्परसंबंध इतके मोलाचे आहेत, की जैवविविधता कायद्याखाली ती खास जपली जाते, अशी जागा. महाराष्ट्रात हा मान प्रथम याच जागेला मिळाला. रोपवनातील एका वयाची, एका रांगेतली सागाची झाडे पाहण्याची सवय झालेल्या डोळ्यांना येथील नैसर्गिक साग पाहिल्यावर मूळचे जंगल कसे असते हे प्रथमच कळते. गडचिरोली-चामोर्शीमार्गे परतणाऱ्याला वैनगंगेच्या काठावरील मार्कंडा देवस्थानाचा प्राचीन मंदिरसमूहही पाहता येतो, आणि तो घाईत उरकण्याजोगा मुळीच नाही.

हेमलकसा म्हणजे आनंदवनाचेच दुसरे रूप, ही समजूत अधिक खोलवर रुजलेली आहे. दोन्ही कामांचे मूळ बाबा आमटे यांच्यात असले, तरी आनंदवन कुष्ठरुग्णांच्या उपचारासाठी आणि पुनर्वसनासाठी उभे राहिले, तर हेमलकसाचा लोकबिरादरी प्रकल्प २३ डिसेंबर १९७३ रोजी सुरू झाला तो माडिया गोंड आदिवासींसाठी. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमातींना केंद्र शासनाने आदिम, म्हणजे इतर आदिवासींच्याही तुलनेत अधिक असुरक्षित गट मानले आहे. डॉ. प्रकाश आमटे आणि भूलतज्ज्ञ असलेल्या डॉ. मंदाकिनी आमटे यांनी येथे येऊन प्रथम माडिया भाषा आत्मसात केली, कारण रुग्णाचे दुखणे त्याच्या भाषेत ऐकता आल्याखेरीज औषध देणे शक्य नव्हते. १९७६ मध्ये आश्रमशाळा सुरू झाली आणि २००८ मध्ये या दांपत्याला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ‘प्रकाशवाटा’ हे आत्मकथन आणि २०१४ चा चित्रपट यांमुळे ही कथा घरोघरी पोहोचली असली, तरी हेमलकसा ही पूर्ण झालेली आणि आता केवळ पाहायची गोष्ट नाही. तेथील दवाखान्यात आजही छत्तीसगडच्या हद्दीतूनसुद्धा रुग्ण येतात आणि शाळेत तास सुरू असतात. पाहुणा येतो तेव्हा तो कोणाच्या तरी कामाच्या वेळात आलेला असतो. म्हणून पूर्वसूचना देऊन, राहण्याची सोय आधी ठरवून जाणे हा केवळ शिष्टाचार नसून त्या कामाविषयीचा आदर आहे. दांपत्याची भेट आणि त्यांच्यासोबत छायाचित्र हाच प्रवासाचा हेतू ठरवणाऱ्यांच्या हाती फार थोडे लागते. दवाखान्याच्या ओसरीवर बसलेल्या नातेवाइकांची गर्दी, त्यांनी सोबत आणलेले तांदूळ आणि भांडी, आणि उपचार होईपर्यंत तेथेच थाटलेला त्यांचा संसार शांतपणे पाहिला, तर या प्रकल्पाचा अर्थ अधिक नीट उमगतो.

प्राण्यांविषयीचा गैरसमज सर्वांत हट्टी आहे. डॉ. आमटे बिबट्यासोबत फिरत असल्याची जुनी छायाचित्रे लोकांच्या मनात इतकी ठसली आहेत, की तेथे गेल्यावर आपल्यालाही पिल्लाला हात लावता येईल, अशी अनेकांची अपेक्षा असते. प्रकल्पातील या प्राण्यांच्या संग्रहाची सुरुवात हौसेतून झालेली नाही. शिकार हा माडियांच्या अन्नाचा भाग होता, आणि शिकार करून आणलेल्या माकडिणीच्या अंगाला बिलगलेले जिवंत पिल्लू पाहून डॉ. आमटे यांनी ते मागून घेतले. त्यानंतर शिकारीत पोरकी झालेली पिल्ले मारण्याऐवजी प्रकल्पात आणून दिली जाऊ लागली आणि बदल्यात लोकांना धान्य वा कपडे मिळू लागले. म्हणजेच हे अनाथालय जेवढे प्राण्यांचे, तेवढेच भुकेच्या प्रश्नाचेही आहे, आणि शिकार करणाऱ्यांना दोष देण्यापूर्वी ही बाजू समजून घेणे आवश्यक आहे. बंदिस्त वन्यप्राण्यांना छेडणे, खायला घालणे किंवा गोंगाट करून त्यांना त्रास देणे यांस वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. पिंजऱ्याजवळ कमी बोलून, मुलांना आधीच समजावून आणि छायाचित्रांचा मोह आवरून अर्धा तास घालवला, तर प्राणी स्वतःच्या वागण्याने बरेच काही दाखवतात.

माडिया लोकांविषयी दोन परस्परविरोधी समजुती एकाच वेळी बाळगल्या जातात : एक, ते बाहेरच्या जगापासून तुटलेले आहेत, आणि दुसरी, त्यांना पाहुण्यांच्या कॅमेऱ्याचे आणि चॉकलेटांचे अप्रूप असते. याच भागातून डॉक्टर, वकील आणि शिक्षक घडले आहेत, तसेच पेसा आणि वनहक्क या कायद्यांच्या आधारे येथील ग्रामसभा तेंदूपानांच्या विक्रीचे व्यवहार स्वतः ठरवू लागल्या आहेत. पेसा म्हणजे अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला आपल्या साधनसंपत्तीविषयी निर्णयाचा अधिकार देणारा १९९६ चा कायदा. मे महिन्यात या रस्त्याने जाणाऱ्याला तेंदूपानांच्या या कामाचे रूप प्रत्यक्ष दिसते. पहाटे तोडून आणलेली पाने घराच्या सावलीत बसून सारखी लावली जातात, सत्तर पानांचा एक पुडा बांधला जातो आणि संध्याकाळी गावाजवळच्या फळीवर, म्हणजे पाने मोजून घेण्याच्या मोकळ्या जागेवर, ते पुडे ओळीने उन्हात वाळायला मांडले जातात. वर्षभराच्या रोख पैशाचा मोठा भाग या थोड्याच दिवसांत मिळवायचा असल्यामुळे कोणाला उभे करून फोटो काढण्यात वेळ घालवणे म्हणजे त्याच्या मजुरीत हात घालणे होय. प्रथम ‘जोहार’ म्हणावे, परवानगी विचारावी आणि नकार मिळाल्यास तो मानावा. मुलांना रस्त्यात खाऊ वाटल्याने त्यांना हात पसरण्याची सवय लागते, त्यापेक्षा मदत करायचीच असेल तर ती संस्थेला विचारून, तिला हव्या त्या रूपात करावी.

पावसाळ्यात जंगल सर्वांत सुंदर दिसते म्हणून तेव्हाच जावे, हा सल्लाही वारंवार दिला जातो. जंगल सुंदर दिसते हे खरेच आहे, परंतु भामरागडजवळ इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा या तीन नद्या एकत्र येतात, आणि छत्तीसगडमध्ये कोटरी या नावाने वाहत येणारी पर्लकोटा फुगली, की हेमलकसा आणि भामरागड यांच्यामधला पूल पाण्याखाली जाऊन तालुक्याचे गावच तुटते. भामरागडात आभाळ कोरडे असतानाही वरच्या खोऱ्यातील पावसाने हे घडू शकते, हे प्रवाशाने विशेष ध्यानात ठेवावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ छोट्या मुक्कामाला सर्वाधिक अनुकूल असतो, कारण तेव्हा रस्ता कोरडा असतो, हवा थंड असते आणि संध्याकाळी त्रिवेणी संगमावर निवांत बसता येते.

सुरक्षिततेच्या बाबतीत हा भाग दशकानुदशके नक्षलग्रस्त राहिला, हे निर्विवाद आहे आणि त्याची किंमत सर्वाधिक स्थानिक आदिवासींनीच मोजली. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा वरिष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली, त्यामुळे दशकांपूर्वीच्या भीतीच्या आधारे आजचा निर्णय घेणे योग्य नाही. तथापि दिवसाउजेडी प्रवास करणे, मुख्य रस्ता न सोडणे आणि तपासणी नाक्यावर विचारलेल्या प्रश्नांना सरळ उत्तर देणे, एवढी शिस्त पाळावीच लागते. नकाशावर १३० डी क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग भामरागडच्या पुढे अबुझमाडमधून नारायणपूर-कोंडागावकडे जाताना दिसतो, म्हणून तिकडून पलीकडे निघण्याचा बेत स्थानिकांना विचारल्याशिवाय आखू नये.

खरा धोका बंदुकीपेक्षा डासांचा अधिक आहे, आणि त्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. गडचिरोलीत फाल्सिपेरम या प्रकारचा हिवताप आढळतो. हा मेंदूपर्यंत जाऊन काही दिवसांत जिवावर बेतू शकणारा प्रकार असून, चावा घेतल्यानंतर त्याची लक्षणे दिसायला साधारणतः एक ते दोन आठवडे लागतात. एका रात्रीच्या मुक्कामात काय होणार, असे म्हणून मच्छरदाणी टाळणाऱ्याला पुण्या-मुंबईला परतल्यावर ताप येतो आणि तेथे तो साध्या विषाणूजन्य तापाच्या औषधांवर काढला जातो. म्हणून लांब बाह्यांचे कपडे घालावेत, रात्री मच्छरदाणीतच झोपावे, आणि परतल्यानंतर महिन्याभरात कधीही ताप आला, तर डॉक्टरांनी न विचारताही आपण भामरागड भागात जाऊन आल्याचे सांगून त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे.