विद्युत मोटरच्या आवाजाचे नियंत्रण : वाइंडिंगमधील प्रवाहाच्या नियमनाची भूमिका

सारांश :

विद्युत मोटरचा आवाज कमी करण्यासाठी सामान्यतः बेअरिंग, पाया, आवरण इत्यादी यांत्रिक बाबींकडे लक्ष दिले जाते. तथापि मोटरच्या आवाजाचा एक महत्त्वाचा भाग चुंबकीय बलांतून निर्माण होतो आणि ही बले वाइंडिंगमधून वाहणाऱ्या प्रवाहावर अवलंबून असतात. प्रवाहाचे केवळ मूल्यच नव्हे, तर त्याचा आकार आणि तो बंद करण्याची वेळ यांचे नियमन केल्यास आवाज कसा कमी होतो आणि त्यासाठी कोणती किंमत मोजावी लागते, याचे विवेचन छताचा पंखा, इन्व्हर्टरवरील मोटर व स्विच्ड रिलक्टन्स मोटर या तीन उदाहरणांच्या आधारे प्रस्तुत लेखात करण्यात आले आहे.

बीजशब्द : विद्युत मोटर, वाइंडिंग, अरीय बल, अनुस्पंदन, स्पंद-रुंदी नियमन, स्विच्ड रिलक्टन्स मोटर.

प्रस्तावना :

पंखा, पाण्याचा पंप, मिक्सर, प्रयोगशाळेतील सेंट्रिफ्यूज, उद्वाहन, विजेवर चालणारी दुचाकी अशा असंख्य रूपांत विद्युत मोटर आधुनिक जीवनात वावरते. ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये शैक्षणिक संस्थांच्या सभोवतालचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो आणि अशा क्षेत्रासाठी दिवसा ५० व रात्री ४० डेसिबल ही मर्यादा ठरविण्यात आली आहे. हे नियम बाहेरून येणाऱ्या गोंगाटाचा विचार करतात. वर्गात मात्र अध्यापकाच्या आवाजाशी स्पर्धा करणारा स्रोत पुष्कळदा डोक्यावरच फिरत असतो.

मोटरचा आवाज म्हणजे ऊर्जेचा मोठा अपव्यय, असा एक समज आढळतो. तो वस्तुस्थितीला धरून नाही. ७० डेसिबल ध्वनिशक्ती म्हणजे अवघे १० मायक्रोवॅट होत. १ किलोवॅटच्या मोटरच्या बाबतीत हा तिच्या शक्तीचा दहा कोटीवा भाग ठरतो. म्हणजेच आवाज कमी केल्याने वीज वाचत नाही. इतक्या क्षुल्लक शक्तीचाही मनुष्याला त्रास व्हावा, इतका कान संवेदनशील असतो, हे या प्रश्नाचे खरे मर्म आहे. म्हणूनच या समस्येचा विचार कार्यक्षमतेच्या समस्येपासून वेगळा करावा लागतो.

मोटरमधील आवाजाचे स्रोत :

मोटरच्या आवाजाचे ढोबळमानाने तीन स्रोत सांगता येतात. बेअरिंग, असमतोल रोटर व सैल भाग यांपासून यांत्रिक आवाज निर्माण होतो. पाती व थंड करणारा पंखा यांच्यामुळे हवेचा आवाज होतो. तिसरा स्रोत विद्युतचुंबकीय असून त्यात चुंबकीय बलांमुळे लोखंडी गाभा कंप पावतो. या तिहींमध्ये भेद करण्याची एक सोपी कसोटी आहे. फिरत्या मोटरचा विद्युतपुरवठा अचानक बंद केला असता विद्युतचुंबकीय आवाज तत्क्षणी नाहीसा होतो, तर उर्वरित दोन आवाज मोटरची गती मंदावेल तसतसे ओसरतात. पुरवठा बंद होताच आवाज एकदम थांबत असेल, तर केवळ बेअरिंग बदलून उपयोग होणार नाही, असा निष्कर्ष काढता येतो.

प्रवाह, बल आणि कंप :

स्टेटर आणि रोटर यांच्यामध्ये हवेची एक अरुंद फट असते. या फटीतील चुंबकीय क्षेत्र दोन्हीकडील लोखंडाला परस्परांकडे ओढते. या ओढीचे दोन घटक असतात. परिघाच्या दिशेने असणारा घटक रोटरला फिरवतो आणि त्यातून टॉर्क मिळतो. त्रिज्येच्या दिशेने असणारा घटक, म्हणजे अरीय बल, रोटरला फिरविण्यास काहीही साहाय्य करीत नाही, ते फक्त स्टेटरला आत खेचते. फटीतील चुंबकीय क्षेत्र ०.८ टेस्ला असल्यास ही ओढ प्रति चौरस मीटर सुमारे २.५ लाख न्यूटन, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या अडीच पट इतकी भरते. ही ओढ स्थिर असती, तर आवाज झाला नसता. ती सतत बदलते, म्हणून स्टेटर हेलकावतो आणि त्याचा बाह्य पृष्ठभाग ध्वनिवर्धकाच्या पडद्याप्रमाणे हवेला ढकलू लागतो.

येथे दोन गोष्टी लक्षात घेणे आवश्यक आहे. पहिली अशी, की बल हे चुंबकीय क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात असते. त्यामुळे ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर चालणाऱ्या मोटरची गुणगुण १०० हर्ट्झची असते. दुसरी गोष्ट अनुस्पंदनाची होय. प्रत्येक स्टेटरला त्याच्या वस्तुमानानुसार व ताठरपणानुसार स्वतःच्या नैसर्गिक वारंवारता असतात. बलाची वारंवारता यांपैकी एखादीशी जुळली, की लहान बलानेही मोठा कंप निर्माण होतो. झोक्याला योग्य वेळी दिलेले हलके धक्के त्याला उंच नेतात, तसाच हा प्रकार आहे. स्टेटरची घडण एकदा पक्की झाली, की तिच्या नैसर्गिक वारंवारता सहजासहजी बदलता येत नाहीत. बलाचा आकार मात्र प्रवाहाच्या आकारावर अवलंबून असल्याने तो बदलता येतो. प्रवाहाद्वारे आवाजाचे नियंत्रण करण्याचा सर्व विचार या एका शक्यतेवर आधारलेला आहे.

उदाहरण पहिले – छताचा पंखा :

प्रवाहाच्या आकाराचे महत्त्व छताच्या पंख्यात स्पष्ट दिसते. जुना, आकाराने मोठा रेग्युलेटर रोधाच्या साहाय्याने व्होल्टता कमी करीत असे. त्यात उष्णता वाया जात असे, परंतु प्रवाहाचा आकार साइन तरंगाच्या जवळपास राहत असल्याने पंखा गुणगुणत नसे. त्यानंतर आलेला ट्रायॅकवर आधारित इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर प्रत्येक अर्धतरंगाचा काही भाग कापून टाकतो. उष्णता कमी होते, परंतु कापलेल्या तरंगात १५०, २५०, ३५० हर्ट्झचे हार्मोनिक शिरतात. त्यांचा मूळ ५० हर्ट्झशी व परस्परांशी संयोग होऊन १००, २००, ३००, ४०० हर्ट्झची बले निर्माण होतात. पंखा मंद गतीवर ठेवला असता येणारी घरघर ती हीच. कपॅसिटर बदलून टप्प्याटप्प्याने गती ठरविणारा रेग्युलेटर तरंग कापत नाही, त्यामुळे तेथे उष्णताही कमी आणि घरघरही कमी असते. तिन्ही प्रकारांत मोटर तीच, पाती तीच आणि गतीही तीच ठेवता येते. बदलतो तो केवळ प्रवाहाचा आकार, आणि त्याबरोबर आवाजही बदलतो.

अलीकडे प्रचलित झालेल्या बीएलडीसी पंख्यांत रोटरवर कायमस्वरूपी चुंबक असतात व स्टेटरच्या तीन फेजमधील प्रवाह इलेक्ट्रॉनिक मंडल ठरविते. प्रवाह सहा टप्प्यांत एका फेजमधून दुसऱ्या फेजमध्ये वळविण्याची पद्धत सोपी आहे. परंतु प्रत्येक वळणावर प्रवाह क्षणभर डगमगतो. समजा, पंख्याच्या मोटरला १२ ध्रुव, म्हणजे ६ जोड्या आहेत आणि तो मिनिटाला ३०० फेरे घेतो. या स्थितीत विद्युत वारंवारता ३० हर्ट्झ व टॉर्कमधील हिसके सेकंदाला १८० होतात. हाच प्रवाह साइन आकारात दिल्यास हे हिसके मोठ्या प्रमाणावर नाहीसे होतात. त्यासाठी रोटरच्या स्थितीचे अधिक अचूक ज्ञान व अधिक गणन करणारी चिप लागते.

उदाहरण दुसरे – इन्व्हर्टर आणि स्पंद-रुंदी नियमन :

इन्व्हर्टर खरा साइन तरंग देत नाही. तो व्होल्टतेचे जलद स्पंद देतो व त्यांची रुंदी बदलून प्रवाहाला साइन तरंगाजवळ आणतो. उरलेला सूक्ष्म तरंग स्पंदांच्या वारंवारतेने कंप घडवितो. ही वारंवारता २ ते ५ किलोहर्ट्झमध्ये असल्यास ती मानवी कानाच्या सर्वाधिक संवेदनशील पट्ट्यात येते आणि शिटीसारखा तीक्ष्ण सूर ऐकू येतो. मुंबईच्या उपनगरी सेवेत थ्री-फेज प्रणालीच्या गाड्या आल्यापासून गाडी सुटताना ऐकू येणारा सूर याच कुळातील आहे. ऑस्ट्रियाच्या रेल्वेतील ‘टॉरस’ इंजिन सुटताना तर स्वरसप्तकासारखे चढते सूर ऐकू येत, कारण त्याच्या इन्व्हर्टरची वारंवारता पायरीपायरीने वाढविली जाई.

यावर दोन उपाय आहेत. पहिला उपाय म्हणजे स्पंदांची वारंवारता १६ ते २० किलोहर्ट्झच्या वर, श्रवणमर्यादेच्या टोकापलीकडे नेणे. परंतु इलेक्ट्रॉनिक स्विच जितक्या वेळा उघडझाप करतो, तितकी त्यातील ऊर्जाहानी वाढते. सिलिकॉन कार्बाइडसारख्या नव्या अर्धवाहकांमुळे ही हानी कमी झाली असली, तरी खर्चाचा प्रश्न उरतोच. दुसरा उपाय म्हणजे स्पंदांची वारंवारता यादृच्छिक रीतीने बदलत ठेवणे. यात कंपाची एकूण ऊर्जा फारशी घटत नाही, ती विस्तृत पट्ट्यात विखुरली जाते. एका सुराची शिटी जाऊन मंद सळसळ उरते व ती कानाला सुसह्य वाटते. डेसिबलचा आकडा आणि कानाला होणारा त्रास या दोन गोष्टी एक नव्हेत, हे यावरून ध्यानी येते.

उदाहरण तिसरे – स्विच्ड रिलक्टन्स मोटर :

प्रवाह-नियमनाची खरी कसोटी या मोटरमध्ये लागते. हिच्या रोटरवर चुंबक नसतात आणि वाइंडिंगही नसते, केवळ दातेरी लोखंड असते. स्टेटरच्या एकेका फेजमध्ये क्रमाने प्रवाह सोडून रोटरचे दाते ओढले जातात. रचना साधी, मजबूत व तुलनेने स्वस्त आहे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने काही दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये व त्यांपासून बनणारी चुंबके यांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली आणि भारतातील वाहन उद्योगालाही त्याची झळ बसली. या पार्श्वभूमीवर चुंबकाविना चालणाऱ्या मोटरचे महत्त्व वाढले आहे. तिच्या प्रसारातील एक प्रमुख अडथळा मात्र आवाज हाच आहे.

स्टेटरवर ८ व रोटरवर ६ दाते असलेली चार फेजची मोटर मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर स्टेटरला सेकंदाला १२०० वेळा अरीय ओढ बसते. रोटरचा दाता स्टेटरच्या दात्यासमोर येतो तेव्हा ही ओढ सर्वाधिक असते आणि नेमका त्याच सुमारास प्रवाह बंद करावा लागतो, अन्यथा रोटर मागे खेचला जातो. प्रवाह अचानक तुटला, की आत खेचलेला स्टेटर सुटतो आणि टोल दिलेल्या घंटेप्रमाणे आपल्या नैसर्गिक वारंवारतेने कंप पावत राहतो. अरीय ओढीमुळे होणारे स्टेटरचे विरूपण हाच आवाजाचा प्रमुख स्रोत होय, हे कॅमेरॉन, लँग व उमान्स यांनी १९९२ मध्ये दाखवून दिले.

वू आणि पोलॉक यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात यावर एक सुंदर उपाय मांडला. प्रवाह एकदम न तोडता दोन पायऱ्यांत तोडावयाचा. आधी वाइंडिंगवरील व्होल्टता शून्य करावयाची आणि नैसर्गिक कंपाचा अर्धा आवर्तकाळ उलटताच ती उलट दिशेने द्यावयाची. पहिल्या पायरीने सुरू झालेला कंप आणि दुसरीने सुरू झालेला कंप परस्परविरुद्ध असल्याने एकमेकांना खोडून काढतात. नैसर्गिक वारंवारता २००० हर्ट्झ असल्यास हे अंतर ०.२५ मिलिसेकंद येते. पुढे अकिरा चिबा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये सर्व फेजच्या अरीय बलांच्या बेरजेतील तिसरा हार्मोनिक नाहीसा होईल, अशा रीतीने प्रवाहाला आकार देण्याची पद्धत मांडली. पहिली पद्धत झालेला कंप खोडते, तर दुसरी कंपाचे कारणच सौम्य करते, असा या दोहोंतील भेद सांगता येईल.

मर्यादा :

दोन पायऱ्यांच्या पद्धतीत एका अंतराने मुख्यतः एकच नैसर्गिक कंप खोडला जातो, स्टेटरला मात्र असे अनेक कंप असतात. तापमान व जोडणी यांनुसार नैसर्गिक वारंवारताही थोडीफार बदलते. शिवाय गती वाढली, की वेळ अपुरा पडतो. वरील मोटरमध्ये ३००० फेऱ्यांना एका फेजचे चक्र सुमारे ३.३ मिलिसेकंदांचे असते, तर १२००० फेऱ्यांना ते ०.८३ मिलिसेकंद उरते. त्यातील ०.२५ मिलिसेकंद केवळ कंप खोडण्यासाठी देणे परवडत नाही. प्रवाहाला आकार देतानाही तोच टॉर्क मिळविण्यासाठी कित्येकदा प्रवाहाचे परिणामी मूल्य वाढवावे लागते. ते १० टक्क्यांनी वाढले, तर तांब्यातील ऊर्जाहानी २१ टक्क्यांनी वाढते. शांतता आणि कार्यक्षमता यांच्यात अशी देवाणघेवाण करावीच लागते.

निष्कर्ष :

१. मोटरच्या विद्युतचुंबकीय आवाजाचे मूळ बदलत्या अरीय बलात असून हे बल प्रवाहाच्या आकारावर अवलंबून असते.
२. एकच मोटर वेगवेगळ्या रेग्युलेटरवर वेगवेगळा आवाज करते. म्हणून आवाजाचे मूल्यमापन मोटर व नियंत्रक यांचे एकत्रित करावे.
३. स्पंदांची वारंवारता वाढविणे, ती विखुरणे, प्रवाह पायऱ्यांत बंद करणे व त्याला योग्य आकार देणे हे प्रमुख उपाय होत.
४. प्रत्येक उपायाची किंमत ऊर्जाहानी, गतीची मर्यादा किंवा नियंत्रकाचा खर्च या स्वरूपात मोजावी लागते.
५. यांत्रिक व हवेच्या आवाजावर या उपायांचा परिणाम होत नाही. म्हणून प्रथम आवाजाचा स्रोत ओळखणे आवश्यक आहे.

समारोप :

लोखंड जाड करून, आवरण घालून किंवा रबरी पाया देऊन आवाज दाबणे हा मार्ग जुना आहे आणि तो आजही उपयुक्त आहे. प्रवाहाचे नियमन आवाज निर्माण होण्यापूर्वीच त्याच्या कारणाला हात घालते. या विषयात भौतिकशास्त्र, यंत्र अभियांत्रिकी, इलेक्ट्रॉनिक्स व श्रवणाचे मानसशास्त्र एकत्र येतात. म्हणून निरनिराळ्या विद्याशाखांच्या अध्यापकांना संयुक्त प्रकल्पासाठी तो निवडता येईल. एक पंखा, तीन प्रकारचे रेग्युलेटर आणि आवाजाची वारंवारता मोजण्याची साधी सोय इतक्या साहित्यावरही त्याचा प्रारंभ करता येण्यासारखा आहे.