पेटीला न जमणारी मींड

आपल्या रत्नागिरीकडे देवळात भजन रंगात आले, की बुवांच्या बोटांकडे नीट पाहा. गळा ‘सा’वरून ‘प’पर्यंत न तुटता घसरत जातो. हीच मींड. पेटी मात्र एका पट्टीवरून दुसरीवर उडी मारते. प्रत्येक पट्टीमागची पितळी जीभ आपल्याच ठरलेल्या कंपनसंख्येने थरथरते. दोन स्वरांमधली वाटच तिच्यापाशी नाही.

विजेवर चालणाऱ्या वाद्याला ती वाट सापडते. १९८२ साली मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टु अ डिस्को बीट’ ही ध्वनिमुद्रिका केली. भैरवी, यमन, मालकंस असे दहा राग, आणि ठेक्यासकट सारे जपानी यंत्रांवर! त्यांतले टीबी-३०३ हे यंत्र रोलँड कंपनीने १९८१ मध्ये बास गिटारच्या जागी वापरण्यासाठी काढले होते. गिटारसारखे ते मुळीच वाजत नसे. १९८४ मध्ये त्याचे उत्पादनही थांबले.

या यंत्रात जिभा नसतात. आंदोलक नावाचे मंडल असते आणि त्याची कंपनसंख्या विद्युत्‌दाबावर ठरते. दाब एक व्होल्टने वाढला, की कंपनसंख्या दुप्पट, म्हणजे २४० चा ‘सा’ ४८० च्या तार ‘सा’वर जातो. मधल्या बारा स्वरांच्या पायऱ्या प्रत्येकी १/१२ व्होल्टच्या.

आता मींड कशी येते? दोन हंडे तळाशी बारीक नळीने जोडा आणि एकात एकदम पाणी ओता. दुसऱ्यातली पातळी आधी भरभर, मग संथपणे चढत बरोबरीला येते. यंत्रात हंड्याचे काम कंडेन्सर करतो आणि बारीक नळीचे काम रोध. दाब उडी न मारता चढतो, म्हणून स्वरही घसरत जातो. पाण्याची पातळी म्हणजेच स्वराची उंची समजा.

तरी ही बुवांची मींड नव्हे, हे सांगितलेच पाहिजे. कंडेन्सर प्रत्येक वेळी तेवढाच वेळ घेतो, वळणही तेच. वाटेत ‘ग’पाशी क्षणभर रेंगाळावे, हे त्याला कोण सांगणार?

ही तबकडी तेव्हा फारशी कोणी ऐकली नाही. पुढे १९८७ मध्ये अमेरिकेतल्या शिकागोच्या तरुणांनी याच टाकाऊ ठरलेल्या यंत्रातून ‘ॲसिड हाउस’ नावाचे नृत्यसंगीत काढले. २०१० साली मुंबईची तबकडी पुन्हा निघाली, तेव्हा तिकडचे श्रोते चक्रावले : त्यांच्या संगीताशी इतके जुळणारे काही पाच वर्षे आधीच वाजून गेले होते, आणि तेही रागांत!